वीट रचण्याआधी रुग्णालयात एक फेरी

रुग्णालयात कॉट ढकलत नेताना तुम्ही पाहिली असेल. पुढे वॉर्डबॉय, मागे सिस्टर, बाजूला सलाईनची बाटली उंच धरून चालणारा कोणी नातेवाईक. कॉरिडॉरच्या वळणाशी आले की ही सारी मंडळी थबकतात. कॉट जरा मागे घ्यायची, मग तिरपी करायची, मग पुन्हा पुढे. रुग्ण अत्यवस्थ असेल तर हे अर्धे मिनिटही फार मोठे वाटते. हा वेळ का लागतो बरे? ढकलणाऱ्याला कॉट वळवता येत नाही म्हणून? पुष्कळदा तसे नसते. ते वळण ज्या दिवशी कागदावर आखले गेले, त्याच दिवशी हे अर्धे मिनिट ठरून गेलेले असते.

थोडे गणित करून पाहू. समजा, कॉट २.१ मीटर लांब आणि १ मीटर रुंद आहे. तिला कॉरिडॉरमध्ये जागच्या जागी पूर्ण फिरवायचे आहे. त्यासाठी कॉरिडॉर किती रुंद हवा? कॉटच्या लांबीएवढा, म्हणजे २.१ मीटर, असे उत्तर पटकन सुचते. पण ते चूक आहे. फिरताना कॉटचा कर्ण आडवा येतो. पायथागोरसच्या सिद्धान्ताप्रमाणे २.१ चा वर्ग ४.४१, १ चा वर्ग १, बेरीज ५.४१ आणि तिचे वर्गमूळ सुमारे २.३३. म्हणजे निदान २.३३ मीटर रुंदी हवी. आपल्या देशाच्या राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) रुग्णालयाच्या कॉरिडॉरची किमान रुंदी २.४ मीटर सांगितली आहे. कॉट फिरते खरी, पण दोन्ही बाजूंना मिळून शिल्लक राहतात फक्त ७ सेंटिमीटर! आता सांगा, कॉट फिरवणाऱ्या माणसाने उभे कोठे राहावयाचे?

नकाशावर हा प्रश्न दिसत नाही, कारण नकाशावर माणूस नसतो. नकाशा वाचण्याची सवय वास्तुशिल्पज्ञाला असते, अभियंत्याला असते. पण ज्या सिस्टरला त्या वॉर्डात पंचवीस वर्षे काम करायचे आहे, तिच्यापुढे नकाशा पसरला तर ती बहुधा मान डोलावते आणि सही करते. इमारत उभी राहिल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला दहा चुका सापडतात. पण तोवर काँक्रीट घट्ट झालेले असते. कागदावरची भिंत खोडरबराने सरकते, काँक्रीटची घणाने! म्हणून इमारत बांधण्यापूर्वीच तिच्यात हिंडून यायची काही युक्ती आहे का, असा प्रश्न पुढे आला. त्या युक्तीचे दोन भाग आहेत. पहिला संगणकातील इमारतीचा, दुसरा आपल्या डोळ्यांचा.

रेघेला भिंत असल्याचे कळते तेव्हा

१९६३ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली तयार केली. प्रकाशलेखणीने संगणकाच्या पडद्यावर रेघा ओढता येऊ लागल्या. पुढे इमारतींचे नकाशेही संगणकावर निघू लागले. परंतु हे नकाशे म्हणजे शेवटी चित्रेच. दोन समांतर रेघा काढल्या की आपण म्हणतो ‘ही भिंत’. पण संगणकाच्या लेखी त्या नुसत्या दोन रेघा असत.

१९७५ मध्ये चार्ल्स ईस्टमन यांनी निराळी कल्पना मांडली. संगणकाला रेघा सांगण्याऐवजी वस्तूच सांगावयाच्या. ही भिंत आहे. ती इतकी लांब, इतकी उंच, इतकी जाड. ती विटांची आहे. तिच्यात हे दार बसवले आहे. दार बाहेरच्या बाजूस उघडते. मग भिंत अर्धा मीटर सरकवली की तिच्याबरोबर दार सरकते, शेजारच्या खोलीचे क्षेत्रफळ कमी होते, विटांचा आकडा बदलतो, आणि हे सारे आपोआप होते. आज या पद्धतीला ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ म्हणतात. अभियंते आद्याक्षरे घेऊन नुसते ‘बिम’ म्हणतात. आपण तिला अंकीय प्रतिमान म्हणू. नकाशा हे इमारतीचे चित्र असेल, तर अंकीय प्रतिमान ही तिची खतावणी आहे.

रुग्णालयाला ही खतावणी इतर इमारतींपेक्षा अधिक लागते. शाळेच्या वर्गाच्या छताखाली फार तर पंख्याची वायर असते. रुग्णालयाच्या छताखाली ऑक्सिजनची नळी, शस्त्रक्रियागृहातील हवा खेळवणारे पत्र्याचे रुंद मार्ग, पाण्याचे व सांडपाण्याचे नळ, आग विझवण्याच्या पाण्याचा नळ, विजेच्या केबली अशी दाटी असते. प्रत्येकाचा नकाशा वेगळा माणूस काढतो आणि प्रत्येकाला वाटते की ती जागा आपल्यासाठीच मोकळी आहे. समजा, मजल्याची उंची ३.६ मीटर आहे, तुळई ६० सेंटिमीटर खाली उतरते आणि तिच्याखालून हवेचा ४५ सेंटिमीटर उंचीचा मार्ग न्यायचा आहे. उरले २.५५ मीटर. आता त्या मार्गाखालून १५ सेंटिमीटर व्यासाचा सांडपाण्याचा नळ आडवा गेला, तर उरले २.४. शिवाय सांडपाण्याच्या नळाला उतार हवा. तो पुढे जाईल तसा आणखी खाली येतो आणि वीस मीटरवर एखाद्या दाराच्या चौकटीला अडतो! प्रतिमानात प्रत्येक वस्तूने व्यापलेली जागा अंकांत नोंदलेली असते. एकाच जागेवर दोन वस्तूंनी हक्क सांगितला की संगणक ती जागा लाल करून दाखवतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात कॅस्ट्रो व्हॅली येथे २०१२ मध्ये पुरे झालेले रुग्णालय असे आधी संगणकात आणि मग जमिनीवर बांधले गेले. तो भूकंपाचा प्रदेश. ९ फेब्रुवारी १९७१ च्या भूकंपात त्याच राज्यातील ऑलिव्ह व्ह्यू हे अगदी नवे कोरे रुग्णालय मोडून पडले होते. ज्या इमारतीकडे जखमींनी धाव घ्यायची, तीच जखमी झाली. त्यानंतर १९७३ मध्ये तेथे रुग्णालयांच्या बांधणीसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला.

कोपरगावचे ऊन आणि गोदावरीचे पाणी

भूकंप दूर राहू द्या. आपण कोपरगावात ५० खाटांचे एक रुग्णालय बांधायचे आहे असे धरून चालू. रुग्णालय काल्पनिक, पण गाव खरे. प्रतिमानाला प्रथम गावाची माहिती द्यावी लागते. कोपरगावचे अक्षांश सुमारे १९.९ अंश उत्तर. एवढ्या एका आकड्यावरून वर्षातील कोणत्याही दिवशी, कोणत्याही तासाला सूर्य कोठे असेल ते काढता येते.

तुम्हीही करून पाहा. २२ डिसेंबरला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस २३.४ अंशांवर असतो. म्हणून कोपरगावात त्या दिवशी माध्यान्हीच्या सूर्याची क्षितिजापासून उंची ९० – १९.९ – २३.४ = ४६.७ अंश. दक्षिणेच्या भिंतीत १.२ मीटर उंचीची खिडकी आहे आणि तिच्या वरच्या कडेशी ६० सेंटिमीटर बाहेर आलेला छज्जा आहे. छज्जाची सावली खिडकीवर किती उतरेल? ०.६ गुणिले ४६.७ अंशांचा टॅन्जंट, म्हणजे सुमारे ०.६४ मीटर. खिडकीचा खालचा जवळजवळ निम्मा भाग उन्हात राहील. थंडीच्या दिवसांत हे बरेच. आता २१ मार्च घ्या. सूर्याची उंची ७०.१ अंश आणि सावली १.६६ मीटर, सगळी खिडकी सावलीत! जूनमध्ये तर गंमतच होते. २१ जूनला माध्यान्हीचा सूर्य कोपरगावच्या डोक्यावरून साडेतीन अंश उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत तो डोकावतच नाही.

पश्चिमेच्या खिडकीचे मात्र वेगळे. दुपारी चार-पाचचा सूर्य खाली आलेला असतो, त्याला छज्जा अडवू शकत नाही. मे महिन्यातील आपल्याकडची दुपार आठवा आणि त्या भिंतीलगत तापाच्या रुग्णाची कॉट आहे अशी कल्पना करा. आपण एका खिडकीचे तीन दिवसांचे गणित केले. प्रतिमान सगळ्या खिडक्यांचे वर्षभराचे, तासातासाचे गणित करते आणि कोणत्या खोल्या पश्चिमेला नकोत ते दाखवते. तिकडे जिने, भांडारघर, स्वच्छतागृहे ठेवली तर रुग्णांना तो ताप होणार नाही.

दुसरी माहिती गोदावरीची. वर नाशिककडे जोराचा पाऊस झाला आणि नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून पाणी सुटले की ते कोपरगाववरून पुढे जायकवाडीकडे जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये असेच मोठे पाणी आले होते. नदीकाठी दोन पूररेषा आखतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द फसवे आहेत. त्यांचा अर्थ एवढाच की कोणत्याही एका वर्षी असा पूर येण्याची संभाव्यता शेकडा १. रुग्णालय ५० वर्षे वापरावयाचे असेल, तर त्या काळात असा पूर एकदाही न येण्याची संभाव्यता ०.९९ चा पन्नासावा घात, म्हणजे सुमारे ०.६१. उरलेली ०.३९ ही निदान एकदा येण्याची. पाचात जवळजवळ दोन!

म्हणून प्रतिमानात पाणी चढवून पाहतात. पातळी अर्ध्या-अर्ध्या मीटरने वाढवायची आणि काय काय बुडते ते पाहायचे. तळघरात ठेवलेला जनरेटर प्रथम बुडतो, आणि त्याच्याबरोबर वरच्या मजल्यावरचे व्हेंटिलेटर बंद पडतात, जरी तेथे पाण्याचा थेंबही पोहोचलेला नसला तरी. ही काही नुसती कल्पना नव्हे. ऑक्टोबर २०१२ मधील ‘सँडी’ वादळात न्यूयॉर्कच्या एन.वाय.यू. लँगोन या नामांकित रुग्णालयाच्या तळमजल्यांत पाणी शिरले, वीज गेली आणि तीनशेहून अधिक रुग्णांना रात्रीतून बाहेर काढावे लागले. त्यांत अतिदक्षता विभागातील नवजात बालकेही होती. परिचारिकांनी त्यांना जिन्यावरून खाली आणले.

दोन डोळ्यांची करामत

आता युक्तीचा दुसरा भाग. अंगठा डोळ्यांसमोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारताना दिसेल. आपल्या दोन डोळ्यांतील अंतर साधारण ६.३ सेंटिमीटर असते, म्हणून दोघांना जगाची किंचित निरनिराळी चित्रे दिसतात. अंगठा ५० सेंटिमीटरवर असेल तर दोन डोळ्यांच्या दृष्टिरेषांत सुमारे ७.२ अंशांचा कोन होतो. वस्तू ५ मीटरवर असेल तर फक्त ०.७२ अंशाचा. या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी दाखवले की दोन डोळ्यांना दोन योग्य चित्रे वेगवेगळी दाखवली, तर सपाट कागदावरची आकृतीही भरीव दिसते. त्यांच्या उपकरणाचे नाव स्टिरिओस्कोप.

याच तत्त्वावर १९६८ मध्ये आपल्या ओळखीच्या सदरलँड यांनी डोक्यावर चढवण्याचा पडदा तयार केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. आजचे यंत्र पोहण्याच्या मोठ्या चष्म्यासारखे असते. त्यात प्रत्येक डोळ्यासाठी वेगळे चित्र, मधे भिंग, आणि डोके किती वळले ते मोजणारे सूक्ष्म संवेदक. तुम्ही मान उजवीकडे वळवली की प्रतिमानाच्या उजव्या बाजूचे दृश्य संगणक तत्क्षणी काढून देतो. यालाच आभासी वास्तव म्हणतात.

‘तत्क्षणी’ म्हणजे किती लवकर? मान सेकंदाला १०० अंश या वेगाने वळत असेल आणि चित्र यायला ५० सहस्रांश सेकंद लागत असतील, तर दृश्य ५ अंश मागे रेंगाळेल. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या, द्रवाने भरलेल्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या म्हणतात ‘डोके वळले’, डोळे म्हणतात ‘अजून नाही’. या भांडणात मळमळू लागते, एस.टी.त पुस्तक वाचताना अनेकांना होते तसेच. म्हणून अशा यंत्रात सेकंदाला ९० च्या आसपास चित्रे दाखवतात. एका चित्राला जेमतेम ११ सहस्रांश सेकंद मिळतात.

हा चष्मा घालून आपल्या काल्पनिक रुग्णालयात शिरू. खरी मौज डोळ्यांची उंची बदलण्यात आहे. उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची १.६ मीटर धरली तर केसपेपरच्या खिडकीवरचा कारकून नीट दिसतो. ती १.१ मीटरवर आणा, म्हणजे चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या आजीबाईंचे डोळे. आता कारकून दिसेनासा होतो, दिसते फक्त ओट्याची लाकडी कड! नंतर कॉटवर निजा. रुग्णालय म्हणजे छत, हे तेव्हा कळते. डोळ्यांवर थेट पडणारा दिवा वास्तुशिल्पज्ञाला उभ्याने कधी खटकलेला नसतो. आणि मान वळवली की खिडकीतून काय दिसते, तेही महत्त्वाचे आहे बरे का. रॉजर उल्रिक यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. शिवाय पहिल्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली.

सिस्टरला हा चष्मा दिला की नकाशावर मान डोलावणारी तीच सिस्टर बोलू लागते. ‘माझ्या टेबलावरून कोपऱ्यातली कॉट खांबाआड जाते.’ ‘हात धुवायला मला पाठ फिरवून दहा पावले जावे लागते.’ अशी वाक्ये एखाद्या बैठकीत सुचत नाहीत. जागेवर उभे राहिल्यावर सुचतात.

रात्रीचे दोन वाजता

सर्वांत कठीण तालीम आगीची. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला आपल्याच जिल्ह्यात, अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांच्या कारणांची चर्चा येथे करावयाची नाही. पण अतिदक्षता विभागातील रुग्ण उठून पळू शकत नाही, एवढी गोष्ट आराखडा करणाऱ्याने कधी विसरता कामा नये.

हिशेब करा. विभागात १२ कॉट, रात्री चार माणसे हजर. एका कॉटला दोघे लागतात, म्हणजे एका वेळी दोन कॉट निघतात. नळ्या सोडवून कॉट सुरक्षित जागी नेऊन परत यायला दीड मिनिट धरले, तर सहा खेपांना नऊ मिनिटे. आणि गरम धूर आधी छताशी साचतो व त्याचा थर खाली उतरत येतो. तो माणसाच्या तोंडापर्यंत यायला नऊ मिनिटे लागतीलच असे नाही. मग काय करावयाचे? म्हणूनच रुग्णालयात जिन्याने खाली नेण्यापूर्वी, त्याच मजल्यावर आगरोधक भिंतीपलीकडच्या शेजारच्या भागात कॉट सरकवण्याची सोय ठेवतात. दार दहा पावलांवर आहे की तीस, ते कोणत्या बाजूस उघडते, कॉट त्यातून न तिरपी करता जाते का, यांवर ती नऊ मिनिटे चार होतील की बारा ते ठरते. आभासी वास्तवात धूर भरलेल्या वॉर्डात परिचारिकांना उभे करून ही तालीम घेता येते आणि दाराची जागा बदलून पुन्हा घेता येते. खऱ्या इमारतीत दार असे रोज हलवता येत नाही.

चष्म्यात न दिसणारे

तरीही या चष्म्याला भुलून जाऊ नये. आभासी कॉटला वजन नसते. रुग्णासह १५० किलोग्रॅमची कॉट १:१२ चढाच्या रॅम्पवरून वर ढकलायची तर घर्षण सोडूनही साडेबारा किलोग्रॅम सतत उचलून धरण्याएवढा जोर लागतो. मजला ३.६ मीटर उंच असेल तर हा रॅम्प ४३.२ मीटर लांब होतो. जागा वाचवण्यासाठी चढ १:१० केला तर जोर १५ किलोग्रॅमचा. चष्म्यात दोन्ही रॅम्प सारखेच सोपे वाटतात. वीज गेलेली असताना आणि लिफ्ट बंद असताना फरक वॉर्डबॉयच्या पाठीला कळतो.

दुसरी उणीव अधिक लबाड आहे. संगणकात तयार मिळणारी माणसे परदेशी रुग्णालयांत हिंडणारी. एका रुग्णामागे फार तर एक नातेवाईक, तोही भेटीच्या वेळेत. आपल्या तालुक्यातील रुग्णालयात रुग्णाबरोबर आई येते, भाऊ येतो, गावाकडून डबा घेऊन चुलते येतात. रात्री कोणी तरी व्हरांड्यात सतरंजी टाकतो. ही माणसे प्रतिमानात घातली नाहीत तर २.४ मीटरचा कॉरिडॉर संगणकाला ऐसपैस दिसतो. प्रत्यक्षात त्यातला पाऊण मीटर सतरंजीने घेतलेला असतो. यात चूक संगणकाची नाही. जे सांगितले नाही ते त्याला माहीत नाही.

चष्मा मिळाला नाही तरी एक प्रयोग शाळेच्या मैदानावर करण्यासारखा आहे. कबड्डीचे मैदान आखतात त्या फक्कीने काटकोनात वळणारा, १.५ मीटर रुंदीचा कॉरिडॉर खऱ्या मापाने आखा. बांबूंची २.१ मीटर लांब व १ मीटर रुंद चौकट बांधा. ही आपली कॉट. चौघांनी चौकटीच्या आत उभे राहून ती उचलावी आणि फक्कीच्या रेघेला न शिवता वळण पार करावे. जपून गेलात तर जमेल. आता कॉरिडॉर १.४ मीटरचा आखा. चौकट अडेल. कितीही युक्त्या केल्या तरी अडेल. ती का अडते, हे भूमितीच्या शिक्षकांबरोबर बसून सोडवा. वळणाच्या मध्यावर, ४५ अंशांच्या स्थितीत, २.१ मीटरची चौकट मावत नाही असे दिसून येईल.

मग पुन्हा १.५ मीटरच्या कॉरिडॉरकडे या. या वेळी चौघांनी चौकटीच्या बाहेर उभे राहावे, खऱ्या कॉटला ढकलतात तसे, आणि पाचव्याने बाजूने सलाईनची बाटली धरून चालावे. कोणाचा पाय रेघेबाहेर गेला, कितीदा गेला आणि किती सेकंद लागले, ते वहीत लिहून ठेवा.